गळ दर वेळी रिकामाच येतो? आधी चारा कोण खातंय ते बघा

पाण्यावर तरंगणारा फ्लोट थरथरतो, बुडाल्यासारखा करतो, आपण हिसका मारतो आणि गळ वर येतो तो घासून-पुसून ठेवल्यासारखा. कणीक नाही, मासा तर नाहीच. पुन्हा गोळा लावायचा, पुन्हा टाकायचा, पुन्हा तेच. सकाळी सहाला बसलेला माणूस साडेदहाला उठतो तेव्हा डब्यातली कणीक संपलेली असते आणि शेजारचा कुणीतरी सांगून जातो, "हिसका उशिरा मारता तुम्ही."

मी दोन वर्षं हेच ऐकत होतो. हिसका लवकर मारून पाहिला, थांबून मारून पाहिला. कणकेत हिंग घातला, भाजलेल्या मेथीची पूड घातली, बडीशेप घातली, घरात केकसाठी आणलेला व्हॅनिला इसेन्सही घातला आणि त्यावरून बोलणी खाल्ली. गळ रिकामाच. चूक हिसक्यात नव्हती आणि वासातही नव्हती. चारा नेमका कोण खातंय हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ते न बघता उपाय करत बसणं म्हणजे ताप का आलाय हे न विचारता गोळ्या बदलत राहणं.

मी राहतो ऐरोलीला, बसतो शिळफाट्याच्या पुढच्या एका गावतलावावर. पुढे जे लिहिलंय ते तिथलं आहे, पण ठाणे, कळवा, पनवेल या पट्ट्यातल्या कुठल्याही गोड्या, साचलेल्या, हिरवट पाण्याला लागू पडेल. वाशी-नेरुळकडच्या होल्डिंग पाँडला (पावसाचं पाणी साठवायला केलेले तलाव) नाही; तिथं खाडीचं पाणी आत येतं, मासे वेगळे आणि खेळही वेगळा. आणखी एक, शहरातल्या बऱ्याच तलावांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो किंवा गळ टाकायलाच मनाई असते. पिण्याच्या पाण्याच्या धरणांचा तर प्रश्नच नाही. मोरबे धरणावर काठी घेऊन जाऊ नका. गावतलाव असला तरी आधी गावात विचारा. मी विचारलं, म्हणून आज तिथं मला बसायला सावलीची जागा आहे.

पहिली तपासणी घरी करायची. काचेचा पेला पाण्यानं भरा, गळाला नेहमीसारखा गोळा लावा, दोऱ्यानं पेल्यात सोडा आणि समोर बसा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चहा करून आणेपर्यंत, म्हणजे चौथ्या मिनिटाला, गोळ्याच्या कडा कापसासारख्या फुलल्या होत्या. सातव्या मिनिटाला गळाचा बाक उघडा दिसायला लागला. नवव्या मिनिटाला अख्खा गोळा घसरून तळाला बसला आणि पाणी दुधी झालं. मी मात्र तलावावर पंधरा-पंधरा मिनिटं फ्लोटकडे एकटक बघत बसायचो. त्यातली निम्मी तपश्चर्या रिकाम्या गळापुढे झाली म्हणायची.

तुमचा गोळा पेल्यात वीस मिनिटं टिकत नसेल तर पुढचं वाचायच्या आधी एवढं दुरुस्त करा. कणकेत थोडा मैदा मिसळा, कमी पाण्यात घट्ट मळा, चांगली तिंबा आणि अर्धा तास ओल्या फडक्यात झाकून ठेवा. मळताना पिंजलेल्या कापसाचे विरळ तंतू घातले की गोळा फेकताना सुटत नाही. जुने लोक हे पूर्वीपासून करत आलेत. दुसरी पद्धत उकडीची: आधण आलेल्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची आणि गरम असतानाच मळायची. ती पाण्यात जास्त टिकते. पण घट्ट कणकेची एक वेगळी भानगड आहे, तिच्याकडे येतो.

गोळा टिकतोय, फ्लोटवर टकटक होतेय आणि तरीही गळ रिकामा, असं असेल तर दहापैकी आठ वेळा चोर एकच. तिलापिया.

हे मला घाटावर बसणाऱ्या एका आगरी काकांनी दाखवलं. माझी टकटक बघून ते म्हणाले, "बारकी हाय ती. मोठा आसा टकटक नाय करीत." मला पटलं नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे तर पाच किलोचा कटला होता. त्यांनी पिशवीतून सर्वांत लहान गळ काढला, नखाएवढा गांडुळाचा तुकडा लावला आणि माझ्याच जागेवर सोडला. मिनिटभरात बोटभर लांबीचा तिलापिया वर. परत टाकला, परत तसाच. सहा वेळा टाकून सहा. मी तीन तास ज्यांना जेवू घालत होतो, ते हे पाहुणे.

हा मासा मूळचा इथला नाही. आफ्रिकेतला मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि नंतर तळ्यातळ्यांत पसरला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात पुष्कळ. शिवाय काही महिन्यांतच मासा पुन्हा वीण घालायला तयार होतो. रोहू, कटला, मृगळ यांचं उलट. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या तळ्यात ते वीण घालत नाहीत. तळ्यात जे आहेत ते कुणीतरी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडलेले. ती बोटुकली सहज मिळायला लागली तीही १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन रोहू-मृगळसारख्या कार्प माशांची वीण घडवून आणल्यानंतर. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागायचं. याचा गळाशी संबंध काय? हाच, की तळ्यात मोठे मासे मोजके असतात आणि बारके अगणित. तुमचा मऊ गोळा तळाशी पोचेपर्यंत त्याच्याभोवती पंचवीस तोंडं जमलेली असतात.

खात्री करायची तर काकांनी केलं तेच करा. चौदा नंबरचा गळ (नंबर जितका मोठा तितका गळ बारीक, हे लक्षात असू द्या), गांडुळाचा तुकडा, दहा वेळा टाका. सात-आठदा बारके तिलापिया आले तर निदान पक्कं. उथळ पाण्यात डोकावूनही कळतं. पाणी जरा स्वच्छ असेल आणि ऊन वर आलं असेल तर काठाजवळच्या चिखलात जेवणाच्या ताटाएवढे गोल खड्डे दिसतात. ती नरांनी केलेली घरटी. मी वर्षभर बरोबर त्या वसाहतीच्या डोक्यावर बसत होतो, कारण तिथं सावली होती.

मग पहिला उपाय जागेचा. तळाची खोली मोजा. गळाला जड शिसं अडकवून सोडलं आणि फ्लोट वर-खाली सरकवला की पाच मिनिटांत कळते. दोन मीटरच्या वर खोली मिळेल तिथं जा, बांधाच्या उताराचा पायथा असेल तर उत्तम. बारके काठाला आणि उथळात जास्त राहतात, खोलात त्रास अर्ध्यावर येतो. संपत नाही.

दुसरा उपाय चाऱ्याचा, आणि इथंच ती घट्ट कणकेची भानगड आहे. मऊ गोळा बारके कुरतडून नेतात, म्हणून आपण गोळा कडक करतो. कडक गोळ्यात गळाचं टोक पूर्ण गाडलेलं असतं. आता रोहू काय करतो बघा. या जातीच्या माशांच्या जबड्यात दात नसतातच. दात घशात असतात. तो चारा पाण्यासकट तोंडात ओढतो, चाचपतो, काही टोचलं किंवा खटकलं तर तितक्याच झटक्यात बाहेर फुंकतो. गळाचं टोक कडक पिठात लपलेलं असेल तर आपला हिसका ते टोक माशाच्या ओठात घालत नाही, अख्खा गोळाच त्याच्या तोंडातून उपटून काढतो. गोळा पाण्यात तुटून पडतो, गळ रिकामा येतो आणि आपण म्हणतो, बारक्यांनी खाल्ला. मऊ केला तर एक खातो, कडक केला तर दुसरा सुटतो. कणकेच्या पाककृतीत हा पेच सुटत नाही. मी प्रयत्न करून थकलोय.

सुटतो तो चारा आणि गळ वेगळे केल्यावर. चारा गळावर लावायचाच नाही, गळाच्या मागे लोंबणाऱ्या दोऱ्याच्या शेपटीवर ओवायचा. गळ पूर्ण उघडा. याला हेअर रिग म्हणतात. १९८०च्या आसपास इंग्लंडमध्ये ही युक्ती निघाली आणि सुरुवातीला म्हणे खरोखरच्या केसावर बांधून पाहिली होती. मासा चारा ओढतो तेव्हा उघडा गळ मागोमाग आत जातो. फुंकायला जातो तेव्हा टोक खालच्या ओठात अडकतं.

बांधायला सोपं आहे. सहा नंबरचा गळ घ्या. फूटभर दोऱ्याच्या एका टोकाला बारीक फास करा आणि त्यात चारा ओवा. दोऱ्याचं दुसरं टोक गळाच्या डोळ्यातून पाठीमागून घाला आणि चारा गळाच्या बाकापासून करंगळीच्या नखाएवढा दूर लोंबेल इतपत ओढा. मग लांब टोकानं गळाच्या दांड्यावर डोळ्यापासून खाली सात-आठ वेढे घाला, शेपटीचा दोरा त्याच वेढ्यांखाली दाबून. शेवटी लांब टोक पुन्हा पाठीमागूनच डोळ्यातून काढा, थुंकी लावून आवळा. गाठ म्हणावी अशी गाठच नाही, पण सुटत नाही. चारा घसरू नये म्हणून फासात केरसुणीच्या काडीचा बारीक तुकडा अडकवायचा.

ओवायचं काय? माझं उत्तर काबुली चणे. रात्रभर भिजवायचे, चिमूटभर मीठ घालून कुकरला एक शिट्टी, नखानं दाबले तर दबावेत पण फुटू नयेत. अख्खा छोला बोटभर तिलापियाच्या तोंडात मावत नाही. तो टोचत राहतो आणि कंटाळतो. कोरडे, न शिजवलेले चणे मात्र पाण्यात टाकू नका, माशाच्या पोटात फुगतात. उकडलेला मकाही चालतो, पण मोठे तिलापिया तो आवडीनं खातात. हौस असेल त्यानं बेसन, कणीक, शेंगदाण्याची पेंड अंड्यात मळून गोळ्या कराव्या, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं उकडाव्या आणि सावलीत वाळवाव्या. सुपारीएवढी गोळी तासभर जशीच्या तशी राहते. आमच्याकडे या गोळ्या पहिल्याच रविवारी मुलांनी लाडू समजून उचलल्या, तेव्हा डब्यावर लिहून ठेवा.

हेअर रिगला फ्लोट लागत नाही, वजन लागतं. साठ ग्रॅमचं भोकाचं शिसं तंगुसावर (काठीच्या नायलॉन दोरीवर) मोकळं सरकणारं ठेवा, त्याच्या खाली स्विव्हल (फिरणारी बारीक कडी), स्विव्हलपासून वीतभर दोरा आणि गळ. शिशाच्या वर वीतभर अंतरावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा घट्ट ओवा. मासा चालायला लागला की शिसं त्या रबराला थटतं आणि गळ स्वतःच बसतो. हिसका मारायची गरजच नाही. रबर जोरात ओढलं तर सरकलं पाहिजे, कारण तंगूस तुटला तर मासा शिसं ओढत मरेपर्यंत फिरता कामा नये. आणि काठी बांधून ठेवा, रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू न देणारा ब्रेक, सैल करा. दीड किलोचा मृगळ काठी पाण्यात नेऊ शकतो. मी माझी एकदा पोहत जाऊन आणली आहे, ते काका अजून सगळ्यांना सांगतात.

फ्लोटवरच मासा धरायची मजा ज्यांना सोडायची नाही (मीही त्यातलाच), त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, फ्लोट बहुधा फार तरंगता असतो. बाजारातला जाडा प्लॅस्टिकचा बोंडूक निम्मा पाण्याबाहेर डोलत असेल तर माशाला तो खाली ओढायला जोर लागतो, जोर लागला की तो चारा सोडतो. शिशाचे दाणे वाढवत न्या, शेवटी फक्त सेंटिमीटरभर टोक वर राहिलं पाहिजे. मोरपिसाच्या काडीचा फ्लोट याला फार नामी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: फ्लोट बुडण्याची वाट बघू नका. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळावरून खातात. डोकं खाली करून चारा उचलतात आणि सरळ होतात, तेव्हा तळाचा शिशाचा दाणाही उचलला जातो. मग फ्लोट बुडत नाही, उलट वर येतो, कधी आडवा पडतो. तो आडवा पडलेला फ्लोट म्हणजे मासा तोंडात आहे. मी कितीतरी वेळा "अरे, गुंतलं वाटतं" म्हणून आरामात गुंडाळायला घेतलं आणि जड काहीतरी सुटून गेलं.

टकटकीतही फरक आहे. तिलापियाची टकटक शिवणयंत्रासारखी, भराभर आणि जागच्या जागी. रोहू ओठांनी चाचपतो. दोन-तीन हलके ठोके, मध्ये थांबणं आणि मग फ्लोट तिरका, सावकाश एका बाजूला चालू लागतो. हिसका त्या चालण्यावर. कटला तर तळाशी यायचाच नाही. त्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. तळावर चारा ठेवून कटल्याची वाट बघणं म्हणजे ठाणे स्टेशनच्या एक नंबरवर उभं राहून पनवेल गाडीची वाट बघणं.

चारा तसाच आणि तरी हिसका फुकट? गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. घसरलं तर बोथट, रुतलं तर चांगलं. गळ दहा रुपयांत मिळतो, तीन महिने तोच वापरू नका. वारा असेल तर पाण्यावरच्या तंगुसाला बाक पडतो आणि आपला सगळा हिसका तो बाक सरळ करण्यात जातो. फडक्यावर भांड्याच्या साबणाचा थेंब घेऊन तंगुसाचे शेवटचे काही मीटर पुसले की तेलकटपणा जातो आणि तो पाण्याखाली बसतो. गळासकट तंगूसच कापलेला येत असेल तर काठाच्या दगडांत खेकडे आहेत किंवा कासव आहे. तिथून उठा, वाद घालू नका.

वेळेबद्दलही बोललं पाहिजे. पहाटे अंधारात जाऊन बसायची आपल्याकडे फार हौस. हिरव्या तळ्यात रात्रभर शेवाळ आणि मासे सगळेच प्राणवायू खातात, तयार कुणी करत नाही. त्यामुळे तो पहाटे सर्वांत कमी असतो. त्यात पाणी जितकं गरम तितका तो कमी विरघळतो, २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम तर ३० अंशांना साडेसातच. एप्रिल-मेमध्ये पहाटे मोठे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून श्वास घेताना दिसतात आणि आपल्याला वाटतं भरपूर मासा आहे. आहे, पण जेवायच्या मनःस्थितीत नाही. अशा वेळी जी टकटक होते ती बारक्यांची. तिलापियाला कमी प्राणवायू बराच चालतो. उन्हाळ्यात मी आता आठच्या पुढे जातो आणि गळ रिकामा येण्याचं प्रमाण नुसत्या त्यानंच कमी झालं. गणपती विसर्जनानंतर काही दिवस मात्र मी तलावाकडे फिरकत नाही. गढूळ पाणी, रंग आणि तळात अडकणाऱ्या दोऱ्या-काड्या.

यातलं एका वेळी एकच बदला. मी एकाच रविवारी जागा, गळ आणि चारा तिन्ही बदलले होते. मासा लागला, पण कशानं लागला ते कळायला पुढचे चार रविवार गेले.

हल्ली माझ्या दोन काठ्या असतात. एक छोल्याची, खोलात टाकून बांधून ठेवलेली. दुसरी बारीक, चौदा नंबरची, गांडुळाची, फक्त तिलापियासाठी. ते परत पाण्यात सोडत नाही. शहरातल्या सांडपाण्याच्या तलावातले मी खाल्ले नसते, पण या तलावातले हळद-मीठ-तिखट लावून तांदळाच्या पिठात कुरकुरीत तळले की वाईट नाहीत. काकांना हेअर रिग अजूनही शहरी थेर वाटतं. येतात, माझ्या छोल्यांचा डबा उघडतात, दोन तोंडात टाकतात आणि म्हणतात, मीठ कमी हाय.